एका फळीची दारं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विट्याच्या शिंपी आळीतलं पतंग्यांचं घर वाढायला लागलं. वाढायचं होतं खरं तर त्यांच्या पूर्वानं, पण तिच्या अंगानं ते मनावर घेतलं नाही, आणि घरानं मात्र घेतलं.

हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते शालनच्या, म्हणजे पूर्वाच्या आईच्या. मधल्या दाराच्या चौकटीवर ती दर महिन्याला लेकीची उंची पेन्सिलीनं मांडायची. पूर्वा अकरा वर्षांची आणि उंची सव्वातीन फूट. गेली तीन वर्षं रेघ त्याच जागी पडत होती, आणि गिरवून गिरवून चांगली बोटभर जाड झाली होती. त्या सोमवारी पूर्वा चौकटीला पाठ लावून उभी राहिली, तर रेघ तिच्या डोक्याच्या वर वीतभर.

"मी कमी झाले काय गं?" पूर्वानं विचारलं.

 गळ्यातली टेप काढून शालननं लेकीला टाचेपासून मोजलं. सव्वातीन फूट, सूतभर कमी नाही की जास्त नाही. मग तिनं चौकट मोजली. सासऱ्यांनी बसवलेली सहा फुटांची चौकट सव्वासात फूट भरली.

"तू हाईस तेवढीच हाईस," ती म्हणाली. "चौकट वाढलीया."

"मग ठीक हाय," पूर्वा म्हणाली आणि मधल्या खोलीतल्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली.

पूर्वाला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे हे मशीन स्वतः चालवायचं. काज, बटण, तुरपाई ही हातानं करायची सगळी कामं तिला येत होती. बोटं अशी चालायची की गिऱ्हाईक विचारायचं, शालनताई, हे तुम्ही केलं का? पण स्टुलावर बसली की तिचे पाय आणि पायडल ह्यांत दीड वीत अंतर राहायचं. बाप दिनकर पुढच्या खोलीत दुकान चालवायचा. त्यानं एकदा पायडलवर लाकडी ठोकळा बसवून दिला होता. तो पूर्वानं स्वतःच उचकटून काढला. "पायडल वर आणू नका, माझं पाय खाली पोचू द्यात," असं म्हणाली. 

हिवाळ्यात ते तिला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन ती पाठवते. हिची ग्रंथी उत्तम काम करते आहे. रक्तात हार्मोन पाहिजे त्याच्या तिप्पट आहे. पण हिचं शरीर ते घेतच नाही. निरोप दारात येतो, आणि घ्यायला कोणी नाही."

"मग काय औषध?" दिनकरनं विचारलं.

"हेच आणखी देऊन उपयोग नाही. दुसरं एक असतं, पण ते आपल्याकडे मिळणं अवघड आहे. मी प्रयत्न करतो."

परतीच्या एसटीत दिनकर सारखा म्हणत होता, "म्हंजे पाठवणाऱ्याची चूक न्हाई."  चूक कुणाची आहे हे शालनला दहा वर्षांपासून माहीत होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

झोपलेल्या लेकराला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे तर आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. चुकून ओलांडलंच तर आल्या वाटेनं लगेच उलटं ओलांडायचं, म्हणजे दोष जातो. पूर्वा आठ महिन्यांची असताना ऐन दिवाळीच्या गर्दीत मधल्या दारात झोपली होती. पुढून गिऱ्हाईक ओरडत होतं, आणि शालन हातात तापलेली इस्त्री घेऊन तिला ओलांडून गेली. परत ओलांडायचं राहिलं. आठवलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि आपण कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला गेलो हेच तिला आठवेना. इस्त्री घेऊन पुढं जात होतो, की कपडे घेऊन मागं येत होतो? उलटं ओलांडायला जावं आणि चुकून सुलटंच ओलांडलं जावं, म्हणजे दुप्पट दोष! म्हणून तिनं कधीच ओलांडलं नाही. इतकंच काय, पूर्वा झोपली की ती इतरांनाही लांबून फिरून जायला लावायची. "तुमची लेक म्हंजे रामेश्वरची पिंडच की," असं शेजारची आक्का हसून म्हणायची. शालन त्या हसण्यात सामील व्हायची, आणि खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

चौकट मोजली त्याच दुपारी तिनं घर वाढवणारी माणसं पाहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्वा जेवण झालं की मशीनसमोर गार फरशीवर चटई टाकून तिरकी झोपायची, पाय पायडलच्या रोखानं. गाढ झोप लागून अर्धा तास झाला असेल. तिच्या उशीखालून एक माणूस बाहेर आला. बुटक्या दारातून येताना माणूस येतो तसा, आधी डोकं, मग खांदे, मग सरळ उभा. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा. सगळे सडपातळ, सगळ्यांचे सदरे करड्या रंगाचे, आणि प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली एकेक पुडी. पंधरावीस तरी असतील. ते पूर्वाभोवती गुडघे टेकून बसले आणि बोटाच्या पेरानं तिच्या अंगावर हळूच वाजवू लागले. कुणी कोपरावर, कुणी मनगटावर, तर कुणी घोट्याजवळ.

"कोण पायजे?" शालननं विचारलं. दुसरं काय विचारणार?

"कोणीही," पहिला म्हणाला. "घेणारं."

शालननं वाकून पाहिलं. जिथं जिथं ते वाजवत होते तिथं तिथं लेकीच्या कातडीवर चिंचोक्याएवढं एक दार होतं. अकरा वर्षं तिनं ह्या अंगाला तेल लावलं होतं, न्हाऊ घातलं होतं, आणि हे कधी दिसलं नव्हतं. प्रत्येक दाराला चौकट होती, बिजागरी होती, पण फळी एकच.

"आमची पुडी दोन फळ्यांनी घ्यावी लागते," माणूस म्हणाला. "दोन्ही बाजूंनी धरली तरच आतली कडी हलते. एका फळीनं पुडी खाली पडते."

त्यानं करूनही दाखवलं. पुडी दाराशी धरली, एकुलती फळी बिचारी लगबगीनं पुढं आली, पुडीला टेकली, आणि पुडी घरंगळून चटईवर आली. माणसानं ती उचलून झटकली.

 दहा वर्षं गिळून ठेवलेलं शालननं त्या परक्या माणसाला विचारलं. "मी हिला ओलांडलं हुतं. ही तवा लहान हुती. त्यानं फळी मोडली व्हय?"

"मोडलेली नाही. ती बसवायचीच राहिली. ही जन्मायच्या आधी."

"माझ्यामुळं न्हाई?"

"तुमच्याकडून एक खिळा आला नाही. हिच्या वडिलांकडूनही एक आला नाही. दोघांनाही ठाऊक नव्हतं."

 शालनला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. माणूस मान खाली घालून उभा राहिला. मग हातातली पुडी तशीच परत नेता येत नाही म्हणून तो मधल्या दाराकडे गेला. ते दार दोन फळ्यांचं होतं.

पुढं काय होतं ते शालननं रोज दुपारी पाहिलं. माणूस पुडी दाराच्या मध्ये धरायचा. दोन्ही फळ्या तिच्यावर मिटायच्या. आतली कडी थरथरायची, आणि चौकटीतल्या दोन खुंट्या आपणहून निघून, एकमेकींचा हात धरल्यागत जोडीनं कोपऱ्यातल्या खिळ्याकडे जायच्या. त्या खिळ्याला सगळ्या आळीच्या मापांचे खाकी कागद टांगलेले होते. खुंट्या त्यातला नेमका एक कागद ओढून उलगडायच्या, आणि लाकूड कर्र करून लांब व्हायचं.

निरोप एकच असायचा, "मोठे व्हा." पण ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या परीनं ऐकायचा. वासे लांब झाले. भिंती दंड फुगवल्यासारख्या जाड झाल्या. फडताळातल्या डब्यातलं तूप मात्र मोठं होण्याऐवजी वितळून कमी कमी होत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतींना तुपाचा वास येत होता. मशीन लोखंडाचं होतं. त्याला दारच नव्हतं, त्यामुळे ते होतं तसंच राहिलं.

"सगळ्यांस्नी एकच सांगता, मग तूप वितळतं आन् वासा वाढतो, असं कसं?" शालननं विचारलं.

"आम्ही सांगतो. काय करायचं ते ज्याच्या त्याच्या कागदावर असतं."

माणसं रोज जास्त यायला लागली. बुधवारी चाळीस, गुरुवारी सत्तर. त्यांना कुणी पुरे म्हणत नव्हतं, म्हणून ती येत होती. घर लांबत चाललं आणि भिंती आतल्या बाजूनं जाड होत चालल्या, त्यामुळे मधली खोली रोज लांब आणि अरुंद होत गेली. चहा स्वयंपाकघरातून दुकानात पोचेपर्यंत गार व्हायचा. शुक्रवारी दिनकरनं दुकानातून फोन केला.

"अगं, जेवायला येऊ का डबा पाठवतीस?"

"आवं, निघा आता. दोनपातुर पोचाल."

तो अडीचला पोचला. पाय चोळत म्हणाला, "घर हाय का कराड रोड?" मग त्यानं हात पसरून खोलीची रुंदी मोजली आणि त्याचं हसू मावळलं. मशीनच्या दोन्ही बाजूंना हातभरच जागा उरली होती. "शालन, ह्या भिंती सोमवारपातुर मशीनला टेकतील. आन् पोरगी तितंच झोपती."

"दुसरीकडं झोप म्हटलं तर ऐकती व्हय ती?"

ती ऐकत नव्हती. मशीनजवळ झोपलं की पाय पोचल्याचं स्वप्न पडतं असं तिचं म्हणणं होतं.

शनिवारी दुपारी शालन चाळीस मिनिटं चालून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर काही वाढलेलं नाही. त्याच्याही दाराला दोन फळ्या होत्या, आणि करड्या सदऱ्यांची सगळ्यात लांब रांग तिथंच होती. दार पुडीमागून पुडी घेत होतं. पण ओटा तेवढाच होता, खिडकी तेवढीच. फक्त विझलेल्या शेगडीवर पितळी पातेलं गरम होतं. तिनं झाकण काढलं. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे, टपोरे दाणे होते आणि ते मंद हलत होते.

"हे काय?"

"हे आमच्या पुढचं," रांगेतला माणूस म्हणाला. "स्वयंपाकघर आमचा निरोप ऐकतं आणि स्वतः वाढायच्या ऐवजी हे करतं. मग हे घरभर जातं. वाशांची निम्मी वाढ ह्याचीच."

"पूर्वाच्या अंगात न्हाई व्हय असलं स्वयंपाकघर?"

"आहे. त्याचंही दार एका फळीचं."

शालननं पातेल्यात पाहिलं. दाणे बोट लावल्याशिवायच तिच्या बाजूला सरकले. "हे तिला चालंल?"

"ह्याला आमचं दार लागत नाही, ह्याचं वेगळं आहे. ते तिला आहे. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, दोन्ही फळ्यांचं. ते आजपर्यंत कुणी वाजवलंच नाही."

मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, दुसरं एक असतं.  शालननं लगेच वाटी घेतली.

"उघडं नेऊ नका, वाटेत विरून जातं," माणूस म्हणाला. "उपाशी पोटी देऊ नका, भोवळ येईल. आणि तिला उठवू नका. ती उठली की आम्ही नसतो, आणि हेही नसतं."

"आन् तिनं घेतलं तर?"

"तर आमच्या हपिसात कळेल. मग आम्हाला कमी पाठवतील."

"तुमास्नी वाईट न्हाई वाटायचं?"

माणसानं थोडा विचार केला. "बसायला मिळेल," तो म्हणाला.

तिनं वाटी पदराखाली घेतली, कनवटीला गुळाचा खडा खोचला आणि निघाली. आता मधली खोली बोळासारखी झाली होती. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते, आणि भिंती उबदार होत्या. करडे सदरे एकामागं एक समोरून येत होते, आणि तिला बघून पाठ भिंतीला लावून वाट देत होते. वाटेत फोन वाजला.

"कुठं हाईस?" दिनकर दुकानातून विचारत होता.

"मधल्या खोलीत. वासा नंबर शंभराच्या फुडं."

"सोमवार कशाचा, भिंतीनं आताच मशीनच्या चाकाला हात लावला बघ. मला हितनं दिसतंय, पण मी शिरू शकत न्हाई. दार माझ्या खांद्यापेक्षा बारीक झालंय."

"तुमी तितंच थांबा. तिला हाक मारू नका, ध्यानात ठेवा. काई झालं तरी हाक मारू नका."

पदराखाली दाणे ऊब धरून होते. पाय भरून आले तरी ती थांबली नाही. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं, पण तोंडातून मापंच आली, जशी ती कापड बेतताना पुटपुटायची. छाती चोवीस, कंबर बावीस, उंची. उंचीपाशी ती दर वेळी अडखळली, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी मशीन दिसलं. पूर्वा चटईवर तिरकी झोपली होती. डोकं ह्या भिंतीला, पाय पायडलच्या रोखानं, आणि पायडल अंगठ्यापासून बरोबर दीड वीत लांब. अंगात गेल्या साली शिवलेला शाळेचा निळा फ्रॉक होता. शिंपी लोक वाढत्या पोरांच्या कपड्यात आत दुमडून जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. शालननं ह्या फ्रॉकला चार बोटं ठेवली होती. त्याच्या आधीच्याला चार, त्याच्याही आधीच्याला चार. त्यातली एकही दुमड कधी उसवावी लागली नव्हती.

तिनं गुळाचा खडा लेकीच्या ओठांत सरकवला. पूर्वा झोपेतच तो चघळू लागली. मग शालननं गुडघ्याकडे पाहिलं. उजव्या गुडघ्याची आतली बाजू पलीकडे होती. इकडून वाकलं तर एक हात पोचत होता, पण फळ्या दोन होत्या आणि दोन हात लागणार होते. पलीकडे जायला वाट नव्हती. डोक्याशी भिंत, पायाशी मशीन. एकच मार्ग होता, तिला ओलांडून जायचा.

शालन उभी राहिली. दहा वर्षं ज्या देहावरून तिनं कुणाची सावलीही जाऊ दिली नव्हती तो देह तिच्यासमोर शांत झोपला होता. हे उलटं ओलांडणं की सुलटं? तिला आजही आठवेना. मागच्या करड्या सदऱ्यानं घसा खाकरला.

"भिंत," तो म्हणाला.

भिंतीनं मशीनचं चाक दाबलं होतं, आणि लोखंड बारीक कण्हत होतं. दुकानाच्या टोकाला दाराच्या फटीत दिनकरचा एक डोळा दिसत होता. तो तोंडावर हात दाबून उभा होता.

"माफ कर गं बाई," शालन लेकीला म्हणाली, पण हे कशाबद्दल ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. मग तिनं नेसू गुडघ्यापर्यंत उचललं, वाटी छातीशी धरली आणि ओलांडली. एवढंसंच तर अंतर होतं, एका पावलाचं. पलीकडे पाय टेकला तेव्हा तिला जाणवलं की इतकी वर्षं आपण तो पाय उचललेलाच ठेवला होता.

गुडघ्याच्या आत, जिथं हाडाचा गाठीसारखा उंचवटा असतो तिथं ते दार होतं. दोन्ही फळ्या सुबक, कोऱ्या, बिजागऱ्यांना अजून तेल. शालननं पेरानं वाजवलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. तिनं पुन्हा वाजवलं, गिऱ्हाईक वाजवतं तसं, हक्कानं. दार उघडलं. तिनं वाटी गुडघ्याशी टेकवली, दोन्ही हातांनी एकेक फळी धरली आणि दाणे आपणहून आत सरकले. फळ्या त्यांच्यावर मिटल्या. आत कुठंतरी खोल, कागद उलगडल्याचा आवाज झाला.

बोळातल्या रांगेत हालचाल झाली. सगळ्यात मागचा करडा सदरा वळला आणि उशीकडे न येता भिंतीला टेकून बसला. मग त्याच्या पुढचा. हातातल्या पुड्या मांडीवर ठेवून ते एकेक करून बसत गेले. कुणीतरी "हुश्श" म्हणालं.

"आई," पूर्वा झोपेत पुटपुटली. "माझं पाय दुखत्यात गं."

शालननं दोन्ही हातांनी तिच्या पोटऱ्या धरल्या. आळीतल्या सगळ्या आया ही तक्रार मिरवत करायच्या. काय सांगू बाई, रात्रभर पाय दुखतात म्हणून रडतो, वाढीचं अंग आहे. अकरा वर्षं तिनं त्या बोलण्यात नुसती मान हलवली होती. आज तिच्या घरात कुणाचे तरी पाय दुखत होते. आनंदानं तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता, कारण ती लेकीच्या पोटऱ्या चेपत होती.

"दुखू देत," ती म्हणाली. "दुखू देत माझ्या बाई."

फोन वाजला. "अगं, भिंत थांबली काय?" दिनकर कुजबुजत होता.

"मला काय म्हाईत. माझी पाठ हाय तिकडं."

तिनं फोन खाली ठेवला, मशीनच्या खणातून ब्लेड काढलं आणि लेकीच्या फ्रॉकची दुमड हातात घेतली. एकेक टाका सावकाश तुटत गेला. आतलं कापड बाहेर आलं. वरचा फ्रॉक धुऊन धुऊन फिकटला होता, आणि ही चार बोटांची पट्टी गडद निळी होती, अगदी दुकानातून आणल्यासारखी. तिला अजून एकदाही ऊन लागलं नव्हतं. शालननं ती हातानं सपाट केली आणि पुढचा टाका धरला.

मागं, पूर्वाच्या अंगठ्याखाली, पायडल करकरलं. मशीनचं चाक अर्धं फिरलं, सुई खाली गेली, आणि वर आली.